‘नुसती मातीत खेळतात!’



सप्टेंबर महिन्यात आपल्या एका वर्गणीदार मंडळीतले एक ज्येष्ठ गृहस्थ सपत्नीक आमची बालवाडी पाहायला आले होते. डहाणू तालुक्यातला हा वारली पाडा डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर आत आहे आणि शेवटचा टप्पा चिखलातून चालावा लागतो. त्या दोघांनी तो आनंदाने पार केला. तासभर ओट्यावर बसले, मुलांबरोबर खिचडीही खाल्ली. निघताना मात्र त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, “ताई, रागावू नका. पण ही मुले नुसती मातीत खेळतात. तुम्ही शिकवता कधी?”

मला राग आला नाही. हाच प्रश्न पाड्यातले पालकही विचारतात, आणि दहा वर्षांपूर्वी मी स्वतः विचारला असता. थिऑलॉजीच्या डिप्लोमाला मला उपदेश कसा तयार करायचा ते शिकवले. तीन वर्षांच्या मुलासमोर मांडी घालून बसायचे आणि गप्प राहायचे, हे कोणी शिकवले नव्हते. ते मी इथल्या बाईंकडून शिकले. आपल्या वर्गणीतून ही बालवाडी चालते, तेव्हा तिथे काय चालते हे सविस्तर सांगणे माझे कर्तव्य आहे. शिवाय येत्या जानेवारीत आपल्या समितीपुढे एक प्रस्ताव यायचा आहे. त्याविषयी पुढे लिहीत आहे.

आधी दिवस कसा जातो ते सांगते. साडेनऊच्या सुमारास मुले येतात. बहुतेक जण मोठ्या बहिणीचे बोट धरून, काही तिच्या कडेवर. हातपाय धुणे, नखे पाहणे, मग गोल. गोलात बडबडगीते असतात, पण मुलांना खरे आवडते ते तारप्याचे नाचणे. एक जण पपईच्या देठाची पिपाणी घेऊन मध्ये उभा राहतो आणि बाकीचे एकमेकांच्या कमरेला धरून त्याच्याभोवती फिरतात. तारपा वाजवणारा ज्या दिशेला वळेल, त्या दिशेला सगळ्यांनी वळायचे. तीन वर्षांच्या मुलाला हे सोपे नाही. ऐकायचे, पुढच्याचे पाऊल पाहायचे, आपले पाऊल आवरायचे, सगळे एकाच वेळी.

यानंतर साधारण तासभर मुले आपापले काम निवडतात. एका कोपऱ्यात माती, एका कोपऱ्यात चित्रे, एकीकडे भांडीकुंडी आणि चिंध्यांच्या बाहुल्या, एकीकडे लाकडी ठोकळे. बाई फिरत असतात, क्वचित बोलतात. त्या तासात जे दिसते त्यालाच आपले पाहुणे ‘नुसती मातीत खेळतात’ म्हणाले. मग गोष्ट, खिचडी, आणि एक वाजता घरी.

आता मातीविषयी. ही माती ओढ्याकाठची. चाळून, खडे काढून आदल्या दिवशी भिजत घालायची, सकाळी मळायची. मुले तिची भाकरी थापतात, साप वळतात, चूल करतात, खेकडे करतात. खेकड्याचे पाय करायला बोटाच्या टोकांनी माती चिमटावी लागते. पेन्सिल धरायला जी तीन बोटे लागतात तीच ही तीन बोटे. आपल्या मनगटात आठ लहान हाडे असतात. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटात त्यांतली काही अजून हाडे झालेलीच नसतात, मऊ कुर्चेच्या रूपात असतात. अशा हातात पेन्सिल देऊन ‘अ’ गिरवायला लावला की मूल सगळी मूठ आवळून, खांद्यापासून जोर लावून लिहिते. पाच मिनिटांत हात दुखतो, अक्षर वाकडे येते, वर ओरडा बसतो. लिहिणे म्हणजे दुखणे, हे त्याच्या मनात बसते. पुढे चौथीत हेच मूल वही पाहिली की पोट दुखते म्हणून घरी राहते. हा हात आधी मातीत तयार व्हावा लागतो.

चित्राचेही तसेच. दोन-अडीच वर्षांचे मूल कोळसा हाती लागला की रेघोट्या ओढते. आपण त्याला घाण म्हणतो. तिसऱ्या वर्षाच्या आसपास एक दिवस त्या रेघोट्यांतून एक रेघ फिरून जिथे सुरू झाली तिथेच येऊन मिळते, म्हणजे गोल होतो. आमच्या बाई हा दिवस मुलाच्या नावापुढे वहीत लिहून ठेवतात. ज्याला रेघ बंद करता येते त्याचा हात डोळ्याचे ऐकू लागला. ‘ठ’ म्हणजे एक गोल आणि डोक्यावर थोडी दांडी. ‘ट’ हा अर्धा गोल. ‘ग’ आणि ‘म’ मध्ये उभी काठी. हे सगळे मूल चित्रात आधीच काढत असते. थोड्याच दिवसांत त्या गोलाला दोन पाय फुटतात आणि तो माणूस होतो. त्याला धड नसते, डोक्यालाच पाय. सगळ्या जगातली मुले असा माणूस काढतात. आमच्याकडे मात्र घरच्या भिंतीवर दोन त्रिकोणांची माणसे असतात, त्यामुळे थोरली भावंडे लवकरच त्रिकोण शिकवतात.

रंग आम्ही फारसे विकत आणत नाही. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की लाल होते; हे मला मुलांनीच दाखवले. फाल्गुनात पळसाची फुले, एरवी हळद, गेरू, कोळसा, आणि पांढऱ्यासाठी तांदळाचे पीठ. बांबूच्या काडीचे टोक चावून किंवा ठेचून कुंचला होतो. लग्नाच्या चौकाची चित्रे ज्या काडीने काढतात तीच ही. ज्या कलेसाठी याच तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, तिची सामग्री मुलांच्या अंगणात पडलेली आहे.

बियांबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. ओवायला आणि मांडायला आम्ही चिंचोके, रिठ्याच्या बिया, सागरगोटे वापरतो. गुंजा दिसायला किती सुरेख, पण गुंज विषारी आहे, ती आम्ही आवारातही येऊ देत नाही. एका पाहुण्यांनी प्रेमाने गुंजांची माळ आणली होती, ती मला परत द्यावी लागली. चिंचोकेसुद्धा चार वर्षांखालच्यांना नाहीत. एकदा एकीने तो नाकात घातला आणि आम्ही तिला घेऊन आरोग्य केंद्राकडे पळालो, तेव्हापासून मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे. त्या मोजण्यातूनच गणित सुरू झाले, हे खरे तर त्या चिंचोक्याचे उपकार. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारे मूल सात चिंचोके पुढे ठेवले तर कधी नऊ मोजते, कधी पाच. तोंड पुढे जाते, बोट मागे राहते. एका चिंचोक्याला एकच आकडा, हे बोटाला कळायला महिने लागतात.

हे सगळे आम्ही शोधून काढलेले नाही. १८४० साली जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी आपल्या शाळेला ‘किंडरगार्टन’ म्हणजे मुलांची बाग असे नाव दिले. ते एका लुथरन पाळकाचे पुत्र. नऊ महिन्यांचे असताना त्यांची आई वारली. मुलांच्या हाती चेंडू, ठोकळे, काड्या देऊन खेळातून शिकवावे, एवढेच त्यांचे म्हणणे; पण १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने त्यांच्या बालशाळांवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी ते वारले. बंदी उठली १८६० मध्ये. खेळणाऱ्या मुलांचे भय सरकारलासुद्धा वाटते म्हणायचे.

आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे मुंबईत दादरला शिशुविहार चालवले. पण मला ज्या ताराबाई जवळच्या वाटतात त्या १९४५ सालच्या. वय त्रेपन्न, शहरातले बसलेले काम सोडून त्या बोर्डीला आल्या, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुले शाळेत येत ना, तर यांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द असा आला. पुढे १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून त्यांच्यामागे कुरणात जाऊन शिकवायचे, ती ‘कुरणशाळा’. माँटेसरीची महागडी लाकडी साधने कुठून आणणार? त्यांनी खडे, शिंपले, बिया, बांबू उचलले. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक आपल्या मंडळींच्या वाचनालयात अवश्य असावे. ही टेकडी आमच्या पाड्यापासून फार लांब नाही. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना जे नाव आज देशभर आहे ते या आमच्या भागातले आहे. तेव्हा माती आणि बिया ही गरिबीची तडजोड आहे असे कोणी समजू नये.

आता माझी एक चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

मी इथे नवीन होते. चित्रांच्या तासाला मी फळ्यावर घर काढून दाखवले. वर त्रिकोणी छप्पर, मध्ये दार, दोन खिडक्या, मागे दोन डोंगर आणि मधोमध सूर्य. आपण सगळे शाळेत शिकलो तेच. मुलांनी पाहून पाहून तसेच काढले. एका चार वर्षांच्या मुलीने मात्र वेगळेच काहीतरी काढले होते. तिच्या कागदावर भिंती नव्हत्या, छप्पर नव्हते. एका बाजूला चूल, तिच्याजवळ कणगा, टोपलीखाली कोंबडी, दोरीला टांगलेली झोळी आणि एका कोपऱ्यात आडवी रेघ. मी म्हणाले, “छान आहे, पण घर कुठे आहे? भिंती काढ.” तिने माझ्याकडे पाहिले, कागद उलटा केला आणि फळ्यावरचे घर काढले.

ती आडवी रेघ म्हणजे तिची आजारी आजी होती. हे मला बाईंनी मुले गेल्यावर सांगितले. त्या वर्षभरात त्या मुलीने कागद दिला की दरवेळी माझेच घर काढून दिले: दोन खिडक्या, दोन डोंगर. त्यांच्या घराला एकही खिडकी नाही.

या वयाचे मूल डोळ्यांना दिसते ते काढत नाही, त्याला जे ठाऊक आहे ते काढते. भिंतीआडची चूल काढते, गाईच्या पोटातले वासरू काढते. जाणकार अशा चित्रांना क्ष-किरण चित्रे म्हणतात. तिने घरच काढले होते आणि आत कोण आजारी आहे हेही मला सांगत होती. मी तिच्याकडे भिंती मागितल्या. म्हणून आता आमच्याकडे फळ्यावर चित्र काढून देत नाहीत, आणि म्हणूनच मी आपल्या महिला मंडळांना हात जोडून विनंती करते की नाताळच्या भेटींत छापील बाह्यरेषांची रंगवायची पुस्तके पाठवू नका. भावना मला समजते. पण ज्या पैशात एक पुस्तक येते त्यात कोऱ्या कागदांचा गठ्ठा येतो.

चित्रांच्या तक्त्यांचेही एक सांगायचे राहिले. कोणीतरी भेट दिलेला मुळाक्षरांचा रंगीत तक्ता आमच्या भिंतीवर होता. बाईंनी अननसावर बोट ठेवून विचारले, हे काय? सगळे गप्प. मग एक मुलगा म्हणाला, “ताडाचं पोर.” ताडाचे झाड इथे प्रत्येकाच्या ओळखीचे, खाली खवल्यांचे खोड आणि वर पानांचा झुपका, मग लहान ताडच तो! निरीक्षण अगदी बरोबर होते, पण तक्त्याप्रमाणे उत्तर चूक. पुढे ‘इ’ इमारतीचा, ‘ए’ एडक्याचा, ‘ऐ’ ऐरणीचा. मुले घरी वारली बोलतात. शाळेची मराठी तिच्या जवळची असली तरी तीच नव्हे. पहिल्याच दिवशी अनोळखी भाषेत अनोळखी वस्तूंची नावे विचारली, तर मूल तोंड मिटून घेते आणि आपण म्हणतो, हे मूल मठ्ठ आहे. आमच्या बाई याच पाड्यातल्या. त्या पहिली गोष्ट वारलीत सांगतात, तीच आठवड्याने अर्धी मराठीत, मग पूर्ण मराठीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही लहान वयात घरच्या भाषेवर भर दिला आहे. पण धोरण वारली बोलत नाही, बाई बोलतात. त्या आजारी पडल्या की माझी किती तारांबळ उडते ते मलाच ठाऊक!

आता तो प्रस्ताव. ओटा बंद करून त्याच पैशात खुर्च्या, बाके, गणवेश आणि इंग्रजी मुळाक्षरांचा वर्ग सुरू करावा, असे समितीतल्या काही जणांचे मत आहे. त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही, कारण पाड्यातल्या एका वडिलांनीही मला जवळजवळ तेच सांगितले. दिवाळीनंतर इथली निम्मी घरे रिकामी होतात. वसई आणि भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर माणसे जातात, पोरेबाळे घेऊन, ती पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात घेतलेली उचल भट्टीवर फेडायची. हे वडील म्हणाले, “बाई, माझ्या पोराला लिहायला शिकवा. शेठ वहीत काय मांडतो ते मला वाचता येत नाही. त्याला यायला पाहिजे.” या माणसाला मी मनगटाच्या हाडांविषयी काय सांगू? त्याची मागणी न्याय्य आहे. त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे त्या दिवशी शब्द नव्हते.

उत्तर थोडेसे मिळाले ते मातीच्या कोपऱ्यात. जूनमध्ये मुले भट्टीवरून परतली आणि त्यांनी खेळ मांडला. काड्यापेटीच्या आतल्या खोक्याचा साचा, त्यात माती दाबायची, उपडी करायची. ओळीने छोट्या विटा. एक मुलगा सागाचे पान वहीसारखे हातात धरून फिरत होता आणि दरडावत होता, “काल पावसात मोडल्या, त्या धरणार नाही!” पाच वर्षांचा मुलगा. आवाज हुबेहूब मोठ्या माणसाचा. मला ते पाहवेना. खेळ थांबवून गाणे घ्यावे असे मी बाईंना खुणावले. त्यांनी मान हलवली आणि त्या विटांपाशी जाऊन बसल्या. म्हणाल्या, “शेठ, किती झाल्या?” शेठ म्हणाला, “शंभर.” “मोजून दाखव.” त्याने मोजल्या, तेवीस भरल्या. तेवढ्यात विटा पाडणारी मुलगी म्हणाली, मोडलेल्या चार माझ्याच होत्या, त्याही धर. वाद झाला. बाईंनी दहा-दहाच्या ओळी लावून दिल्या. चार मोडलेल्या वेगळ्या ठेवल्या, त्यांच्यासाठी चार चिंचोके. तो खेळ आठवडाभर चालला. शेवटच्या दिवशी ती मुलगीच सागाचे पान घेऊन बसली होती आणि प्रत्येक ओळीला कोळशाने एक रेघ ओढत होती.

त्या वडिलांना मी हे दाखवायला बोलावले. ते बराच वेळ उभे राहून पाहत होते. समाधान झाले की नाही ते मला सांगता येणार नाही. “पण लिहायला कधी?” असे त्यांनी जाताना विचारलेच. पाच वर्षांवरच्या मुलांचा अक्षरांचा अर्धा तास आम्ही जुलैपासून सुरू केला आहे. आधी जमिनीवर राखेत बोटाने, मग पाटीवर. ज्यांची बोटे मातीत दोन वर्षे काढून आली आहेत त्यांना ‘ग म भ न’ दिवाळीच्या आत जमले. यंदा प्रथमच आलेल्यांना अजून जमलेले नाही. समितीपुढे मी या दोन्ही गटांच्या पाट्या ठेवणार आहे. आपल्यापैकी जे समितीवर आहेत त्यांनी त्या हातात घेऊन पाहाव्यात.

हा अंक आपल्या हाती पडेपर्यंत भट्टीचे ट्रक येऊन गेलेले असतील. बाईंनी यंदा जाणाऱ्या प्रत्येक मुलासाठी जुन्या साडीची एक पिशवी शिवायला घेतली आहे. तीत एक पाटी, पेन्सिलीचे चार तुकडे, कोऱ्या कागदांची शिवलेली वही, आणि मूल मोठे असेल तर मोजून वीस चिंचोके. सध्या पिशव्या अकरा झाल्या आहेत, मुले एकोणीस जाणार आहेत. पाट्या पत्र्याच्या हव्यात, दगडी फुटतात. ज्यांना पाठवायच्या असतील त्यांनी नेहमीप्रमाणे आपल्या मंडळीच्या खजिनदारांकडे द्याव्यात, ट्रक गेल्यावर आल्या तरी चालतील. भट्टीवर मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाणार आहे, तेव्हा घेऊन जाईन.

प्रभूच्या सेवेत आपली,
बालवाडी विभागाची कार्यकर्ती